साडूंनी हौसिंग उघडलं

जुनी गाडी बाळगणारा माणूस आपल्याला गाडी दाखवतो ती नेहमी पुढून. आधी जाळी, मग दिवे, मग बॉनेट वर करून इंजिन. इंजिन पुसून लखलखीत केलेलं असतं. आपण 'वा' म्हणतो, तो नुसता हसतो. मग तो दार उघडून पुन्हा लावतो आणि म्हणतो, "आवाज ऐकलात? आताच्या गाड्यांना हा आवाज नाही." आपण तेही मान्य करतो आणि चहाला वर जातो. इथवर सगळं सुरळीत चालतं. पंचाईत होते ती ज्याने मागच्या अ‍ॅक्सलचं काम करून घेतलंय त्याची. त्याचे पैसे सगळ्यांत जास्त गेलेले असतात आणि दाखवायला काही नसतं. नसतं म्हणजे असतं, पण ते बघायला पाहुण्याला जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी 1978 सालची एक पद्मिनी घेतली. तिच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक धुतलेलं गोणपाट घडी घालून ठेवलेलं असतं, ते खास पाहुण्यांसाठी. "या, जरा आडवे व्हा," हे त्यांचं आगतस्वागत. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत गाडीखालून दोन जोड पाय बाहेर आलेले दिसले की सुरुवातीला वॉचमन धावत सुटायचा. मेव्हणी गॅलरीतूनच ओरडायची, "कुणाला काही झालेलं नाही. हौसिंग बघतायत!" आता वॉचमन सरावलाय. तो पाय ओलांडून जातो.

खाली जाऊन काय दिसतं, तर या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलेला एक आडवा काळा नळ, मधोमध फुगलेला. हेच ते हौसिंग. दोन्ही टोकांना ब्रेकचे ड्रम, वर कमानीचे पाटे, आणि पुढून त्या फुगवट्यात शिरलेला लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. बस. एवढंच. पण साडू बॅटरीचा झोत त्या फुगवट्यावर असा स्थिर धरतात की आपल्यालाच वाटायला लागतं, आपल्या बघण्यात काहीतरी कमी पडतंय.

या गाडीची वरची नावं किती वेळा बदलली बघा. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट 1100 बनवायला लागली ती 1954 च्या सुमारास. पुढची दारं उलटी उघडणारी ती गुबगुबीत गाडी, लोकांनी तिला लगेच 'डुक्कर फियाट' करून टाकलं. 1964 ला डिलाइट आली, 1972 ला तीच प्रेसिडेंट झाली, आणि 1974 ला चितोडच्या राणीवरून पद्मिनी. नाव राष्ट्राध्यक्षाचं असो की राणीचं, खाली मात्र तोच अखंड अ‍ॅक्सल, तेच पाटे, चारी चाकांना ड्रमब्रेक. पत्रा बदलला, जाळी बदलली, दिवे बदलले. खालच्या मंडळींना या पदोन्नतीची खबरही कुणी दिली नाही.

साडू वाकून नव्हे, झोपून जे समजावतात ते माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे तुमचे कपडे वाचतील. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. किती? दोन चाकांत साधारण 4 फूट अंतर धरा. गाडीने एक पूर्ण गोल वळसा घातला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 25 फूट जास्त चालतं. गंमत म्हणजे वळसा केवढाही असू द्या. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला घाला नाहीतर सोसायटीच्या तुळशीवृंदावनाला घाला, फरक 25 फुटांचाच. हे साडूंनी मला कागदावर पाय गुणिले व्यास मांडून सिद्ध करून दाखवलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मी पुरेसा हादरलो नाही, हे त्यांना लागलं.

तर दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट बांधली तर वळताना एक चाक फरफटणार. म्हणून मधे डिफरन्शियल. 1820 च्या दशकात पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. मोटार अजून जन्मायची होती. चार छोटे गिअर एका डबीत अशा रीतीने बसवायचे की चाकं वेगवेगळ्या गतीने फिरली तरी दोघांना जोर मात्र समसमान मिळावा. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. पण हा न्याय चिखलात कळतो. एक चाक चिखलात फसलं की ते कसलाच जोर घेत नाही, नुसतं गरगरतं. आणि समान वाटणीच्या तत्त्वाने कोरड्या डांबरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. सातबाऱ्यावर दोन भाऊ असावेत, एकाने सही द्यायची नाही आणि दुसऱ्याचं खातेफोडीचं काम जन्मभर अडावं, तसला प्रकार. पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला रस्त्याकडेला एक चाक वेगाने फिरतंय, दुसरं ढिम्म, आणि मालक दोघांनाही शिव्या देतोय असं दृश्य दिसलं तर समजावं, यंत्र चोख काम करतंय.

साडूंच्या हौसिंगचं निदान कसं झालं ही एक स्वतंत्र कथा आहे. ताशी 40 ते 60 च्या मधे गाडीच्या मागून 'हूंऽऽ' असा सूर यायला लागला. तो पहिल्यांदा मेव्हणीने ऐकला. साडू म्हणाले, रस्त्याचा आवाज. मग म्हणाले, टायरचा. मग म्हणाले, खिडकीतून वारा येतोय. पुरुषाला गाडीचा आवाज बायकोने आधी ऐकलेला चालत नाही, त्यामुळे मधल्या काळात टायर बदलून झाले, खिडक्यांची रबरं बदलून झाली. सूर होता तिथेच. उलट रबरं नवी बसल्यामुळे बाहेरचा आवाज बंद झाला आणि हा स्वच्छ ऐकू यायला लागला.

मग सुरू झाली नातेवाइकांची तपासणी. जो भेटेल त्याला मागच्या सीटवर बसवून साडू गाडी हायवेला काढायचे आणि विचारायचे, "आता? आता येतोय? आणि आता?" या आवाजाचं एक शास्त्र आहे, ते मात्र खरं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सूर चढतो आणि पाय काढला की बदलतो किंवा थांबतो, तर संशय क्राउन आणि पिनियन या दोन गिअरांवर. पाय कुठेही असला तरी सूर कायम, तर बेअरिंग. डावीउजवीकडे वळताना बदलला तर चाकाचं बेअरिंग. आणि पहिल्यातून रिव्हर्सला टाकताना 'खट्' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नाहीतर दातांतली सैल. आमच्या कुटुंबातल्या एका काकूंना मागे बसवलं तेव्हा त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "काळी चार आहे." साडूंनी ते वहीत लिहून घेतलं.

मिस्त्री नाना पेठेतले. फियाटी करण्यात केस पांढरे झालेले. त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, उतरले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "साहेब, हौसिंग बोलतंय." 'बोलतंय' हा यातला सौम्य प्रकार. याच्या पुढची पायरी 'रडतंय', आणि शेवटची 'गेलं'. साडूंना हायसं वाटलं. अजून संवाद शिल्लक होता.

हौसिंग उघडण्याआधी तेल काढतात. नव्वद नंबरचं तेल. ते ज्याने एकदा हुंगलं त्याला त्याची ओळख सांगावी लागत नाही, आणि ज्याने हुंगलं नाही त्याला सांगून विश्वास बसत नाही. कारण असं की या गिअरांची रचना हायपॉइड. पिनियन क्राउनच्या मध्यावर न लावता जरा खाली लावतात, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट खाली बसतो आणि मागच्या सीटवरच्या मधल्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागत नाहीत. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1926 पासून मोटारींत हे आणलं. पण त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. साधं तेल त्या दाबाखाली पिळून निघून जातं. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती पोलादाला चिकटून राहतात. गंधक म्हटल्यावर वास कसला ते आलंच. साडूंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो. त्या घरात ज्या शर्टाला कुजक्या अंड्याचा वास येत होता तो शर्ट मेव्हणीने दोन बोटांनी धरून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि ती आंघोळीला गेली. शर्ट तिने नव्हता घातला, हे इथे सांगायला हवं.

आता पार्टस्. नवी पद्मिनी निघायची बंद होऊन दोन तपं उलटली, तरी तिचे पार्टस् मिळतात याला कारण मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे उपकार. ताडदेवच्या आरटीओत शेवटची काळीपिवळी पद्मिनी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला, टॅक्सीला मर्यादा 20 वर्षांची, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. पेपरांतून हळवे लेख आले. त्याच सुमारास जुनी फियाट बाळगणारे काही सज्जन हळवे न होता कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना फोन लावत होते. मात्र टॅक्सीचं हौसिंग घेताना एक विसरू नये. त्या बिचाऱ्याने डिकीत सीएनजीचा जाडजूड सिलिंडर, टपावर गावाला निघालेल्यांच्या ट्रंका आणि आत सहा माणसं एवढं सगळं वाहिलेलं असतं. 'टॅक्सीचंच आहे पण एका हातावर चाललेलं' असं विकणारा सांगतो. तो हात कोणाचा होता ते विचारू नये.

दुकानात गेल्यावर प्रश्न येतो, "ओरिजिनल देऊ की कंपनीचं?" नवख्या माणसाला वाटतं दोन्ही एकच. नाही. ओरिजिनल म्हणजे जुन्या साठ्यातलं, गंजलेल्या डब्यातलं, मेणकागदात गुंडाळलेलं. कंपनीचं म्हणजे कुठल्या तरी कंपनीचं. त्याखाली लोकल, त्याखाली दिल्ली. दुकानदार चारही प्रकार एकाच फळीवरून काढतो. साडूंना पाहिजे होती क्राउन-पिनियनची जोडी. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, म्हणून दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला की दोन्ही मिळून आधीच्यापेक्षा मोठ्याने बोलतात. साडूंनी भिंग काढून नंबर तपासायला सुरुवात केली तेव्हा दुकानदाराने पोऱ्याला सांगितलं, "साहेबांना स्टूल दे आणि आपलं शटर अर्धं घे."

मला या सगळ्या व्यापात जे खरोखर बघण्यासारखं वाटलं ते म्हणजे मिस्त्रींनी ती जोडी बसवली ते. हौसिंगचा मधला भाग बाकावर उलटा ठेवला. पिनियनच्या मागे पत्र्याच्या पातळ चकत्या घालतात, त्यांना शिम म्हणतात; एक चकती कमी-जास्त केली की पिनियन केसभर पुढेमागे होतो. मिस्त्रींनी डब्यातून लाल रंगाचं लुकण करंगळीवर घेतलं आणि क्राउनच्या पाच-सहा दातांना लावलं, अगदी पातळ, दाताचा आकार बुजणार नाही इतपत. मग डाव्या हाताने क्राउनला फडक्याने आवळून धरलं आणि उजव्याने पिनियन फिरवला, पुढे आणि पुन्हा मागे. लाल रंग जिथे दात टेकले तिथून पुसला गेला आणि पोलादावर लांबट चकचकीत ठसा उठला. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. आतल्या टोकाला आला, बाहेरच्या टोकाला सरकला, शेंड्यावर चढला किंवा बुडाशी उतरला, की प्रत्येक चुकीची दुरुस्ती वेगळी. मिस्त्रींनी ठसा पाहिला, काही न बोलता सगळं पुन्हा खोललं, एक चकती काढली, प्रकाशाकडे धरून पाहिली, ठेवून दिली आणि दुसरी उचलली. हे किती वेळा झालं ते मोजण्याची माझी हिंमत झाली नाही. दातांतली सैल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायची असते. साडूंनी त्यासाठी खास डायल गेज विकत आणला होता. मिस्त्रींनी तो लावू दिला. आधी स्वतःच्या अंगठ्याने क्राउन हलवून पाहिला, "झालं" म्हणाले, मग साडूंनी गेज लावला. काटा जिथे पाहिजे तिथे होता. साडूंचा चेहरा पडला. गेजचे पैसे वाया गेले होते.

कमानीचे पाटे आम्ही लवकर उरकले. पाटे सुटे केले, घासले, कमानवाल्याने ठोकून त्यांना बाक दिला, नवे बुश आले, नवे यू-बोल्ट आले. फक्त एक प्रसंग. कमानवाला म्हणाला, "एक पाटा वाढवून देऊ?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कमानवाल्याच्या तोंडी असतो, सायकल घेऊन गेलात तरी विचारेल. आपल्याकडे अपग्रेड या गोष्टीची सुरुवात आणि शेवट तिथेच आहे. पाटा वाढवला की गाडी मागून उचलते, पुढून वाकते, आणि स्पीडब्रेकरवर मागे बसलेल्या माणसाची टाळू छताला लागते. पण भार पेलते. साडू दोनच माणसं आणि एक थर्मास घेऊन फिरतात. त्यांनी नको म्हटलं. कमानवाल्याने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

आणि मग अपग्रेडवाले आले.

जुन्या गाड्यांच्या जगात दोन पंथ आहेत. ओरिजिनलवाल्यांच्या मते कुर्ल्याहून जो स्क्रू निघाला तोच स्क्रू मोक्षापर्यंत न्यायचा. अपग्रेडवाल्यांच्या मते गाडी चालवण्यासाठी असते, आणि त्यासाठी तिच्यातलं जमेल तेवढं दुसऱ्या गाडीचं असलेलं बरं. हे पंथ एकमेकांच्या घरी जेवतात, पण हौसिंगवरून बोलत नाहीत. साडूंच्या पार्किंगमध्ये दोन्हींचे प्रतिनिधी एकाच रविवारी उगवले.

अपग्रेडवाल्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. मागचा रेशो आखूड ठेवलेला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टने चारहून जास्त फेरे मारायचे. त्यामुळे सहा माणसं घेऊन गाडी खंडाळ्याचा घाट चढते, पण सपाटीवर इंजिन किंचाळतं. एक्स्प्रेस वेवर मोटारींना 100 ची मुभा; पद्मिनी 80 ला पोचली की आतली माणसं बोलायची थांबतात. तर रेशो लांब करा, इंजिन शांत होईल. बरोबर. मग घाटात काय? घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा, दुसऱ्याऐवजी पहिला, आणि मागे ट्रकवाल्यांची दाद. चाळीस घोडे तेवढेच राहतात, त्यांना घाटात जुंपायचं की सपाटीवर एवढंच आपल्या हातात. अभियांत्रिकीत फुकट काही मिळत नाही आणि हे सांगणारा माणूस कुठल्याच पंथाला आवडत नाही.

शिवाय स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून येते. मागे काय बदललं हे त्याला कळत नाही. समजा, रेशो 4.3 चा 3.9 केला. काटा 50 दाखवेल आणि गाडी 55 ने पळेल. चालकाच्या मते तो अजूनही शिस्तीत चाललेला असतो. कॅमेऱ्याच्या मते नसतो.

यावर अपग्रेडवाला म्हणाला, रेशो बदलत बसू नका, अख्खं हौसिंगच दुसऱ्या गाडीचं टाका. "व्हॅनचं टाकू. पार्टस् कुठेही मिळतात." मारुती व्हॅनलाही मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटेच असतात, हे खरं. पण ते 796 सीसीच्या इंजिनासाठी बनवलेलं, त्याचा रेशो आणखी आखूड. म्हणजे किंचाळणारं इंजिन आता बोंबलेल. बरं, हौसिंग बदललं की पाटे जिथे टेकतात त्या बैठका सरकवून वेल्डिंग करायला हव्यात. नळ रुंद निघाला तर चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणार, म्हणून नळ कापायचा. नळ कापला की आतले अ‍ॅक्सल कापायचे. प्रोपेलर शाफ्ट बसणार नाही, तो तोडून जोडायचा आणि बॅलन्स करायचा, नाहीतर गाडी लेझीम खेळत जाणार. हँडब्रेकची केबल नवी. ब्रेकच्या नळ्या नव्या. पिनियनचा कोन चुकला तर नवा क्रॉस महिन्याभरात खलास. अपग्रेडवाला हे सगळं बोटांवर मोजत होता आणि प्रत्येक बोटाला त्याचा चेहरा अधिकाधिक खुलत होता. त्याला गाडी चालवायची नव्हतीच. त्याला ही यादी पाहिजे होती.

ओरिजिनलवाला इतका वेळ गप्प होता. त्याने कायदा काढला. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर 20,000 रुपये भरून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. साडूंची गाडी 2028 ला पन्नाशीची. तोपर्यंत वेल्डिंगचं नाव काढायचं नाही. शिवाय कंपनीने बनवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच बजावलंय. साडूंना 'व्हीए' फार आवडलं. मग ओरिजिनलवाल्याने पुढचं कलम वाचलं: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल आणि पेट्रोल भरायला जाणं एवढ्यालाच मुभा. साडू विचारात पडले. पेट्रोल भरायला जायचं, ते जाण्यायेण्यात संपवायचं आणि परत भरायला जायचं, यात बेकायदेशीर काही दिसत नाही, असं त्यांचं बँकेच्या ऑडिटमध्ये मुरलेलं मत पडलं.

शेवटी अपग्रेड झालं ते एवढंच: चांगल्या कंपनीची बेअरिंगं, नव्या रबराची ऑइल सीलं, आणि ब्रीदर. ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या माथ्यावरची श्वासाची टोपी. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. टोपी चिखलाने बुजली की हवा वाट काढते ती सीलमधून, सोबत तेल घेऊन; तेल ब्रेकच्या लायनरवर, आणि मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. साडूंची टोपी कधीपासून बुजलेली होती. आधीच्या मालकाने दोन वेळा सीलं बदलली होती, टोपीकडे कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या मते मागच्या अ‍ॅक्सलवर खर्च करणाऱ्या निम्म्या लोकांना त्या टोपीचं दर्शन आधी घडलं असतं तर नाना पेठेतली बरीच दुकानं आज मिठाईची असती.

सूर गेला. पूर्ण गेला. आता गाडी इतकी गप्प चालते की पूर्वी न ऐकू येणारं सगळं ऐकू येतं. परवा मेव्हणीला पुढून काहीतरी 'टिक् टिक्' ऐकू आलं. साडू म्हणाले, रस्त्याचा आवाज.

तुमच्याकडे जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर किंवा जीप असेल आणि रविवारी घरच्या घरी नव्वद नंबर बदलायचा विचार असेल, तर एक सांगतो. हौसिंगला दोन बुचं असतात: तेल भरायचं वर, काढायचं खाली. आधी वरचं सुटतंय का बघा. खालचं सोडून सगळं तेल परातीत घेतलं आणि मग वरचं बूच गंजून बसलंय असं कळलं, तर गाडी जागची हलवता येत नाही आणि मिस्त्री रविवारी येत नाही. वरचं सुटलं तरच खालच्याला हात लावा. आणि परात स्वयंपाकघरातली घेऊ नका.